आकडा बरोबर होता

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळी होऊन तीनेक आठवडे झाले असतील. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढे, कान्होलीबाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत एका बरडावर नवीन लेआउट पडतोय, एकदा पाहून तर ये, असं मेहुण्यानं चारदा सांगितलं, म्हणून रविवारी दुपारी गाडी काढली. मुरमाचा कच्चा रस्ता जिथे संपला तिथे चुन्यानं रंगवलेले दगड रोवलेले होते आणि त्यांच्यावर लाल रंगात नंबर घातलेले होते. दगडांच्या पलीकडे झुडपी जंगलाचा पट्टा सुरू होत होता. पळस, बोरी, मधेच येरोनीचं जाळं आणि सगळीकडे गुडघाभर पिवळं गवत. त्या गवतात ढोरं चरत होती. मी फोनवर नकाशा उघडून नंबर जुळवत होतो, तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा झपझप चालत आला. डोक्याला दुपट्टा, हातात काठी, खांद्यावर पाण्याची डबकी. म्हणाला, "भाऊ, घाईत हा काय जी? तांबडीचे दिवस भरले हायेत. मांगंच कुठी झुडपात राह्यली. मी पाहून येतो. तवरीक ढोरायकडे लक्ष ठेवजा जरा." मी हो म्हणायच्या आत त्यानं काठी माझ्या हातात दिली होती. काठीची मूठ त्याच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली, आणि अजून गरम.

तो गेल्यावर मी पहिलं काम केलं ते मोजण्याचं. तेवीस. पुन्हा मोजली, तेवीस. तीस-बत्तीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढलेल्या माणसाचा हात आधी तिकडेच जातो. मग एका पळसाला टेकून उभा राहिलो. सुरुवातीला फार बरं वाटलं. ऊन उतरतीला लागलेलं, गवताला तापलेल्या भुशासारखा वास. कळपाच्या पायांत गायबगळे फिरत होते. गाय एक पाऊल टाकायची, गवतातून काहीतरी उडायचं, बगळ्याची मान चटकन लांब व्हायची. एका गोऱ्ह्याच्या पाठीवर कोतवाल पक्षी बसून आला होता आणि तिथूनच झेपा घेऊन किडे टिपत होता. आवाज मात्र एकच होता, गवत तुटण्याचा. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेचा वेढा देऊन गवताची मूठ धरते, खालच्या दातांवर दाबते आणि मानेच्या हिसक्यानं ओढते. एका गाईचा तो आवाज जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही. तेवीस गाईंचा ऐकला, तर कोणीतरी लांबवर बसून जुनं लुगडं फाडत असल्यासारखं वाटतं, थांबत थांबत. मधे मेहुण्याचा फोन आला. त्याच्याशी दरावर, रस्त्याच्या रुंदीवर, एनए झालंय की नाही यावर बराच वेळ बोललो. फोन ठेवला तेव्हा सूर्य पळसाच्या खाली गेला होता आणि गारवा सुटला होता. आता जरा भीतीही वाटायला लागली. बोरचा व्याघ्र प्रकल्प इथून फार लांब नाही, आणि २०१९च्या नोव्हेंबरात मिहानपर्यंत वाघ आला होता हे नागपूरकर विसरलेले नाहीत. पुन्हा मोजली. तेवीस. जीव भांड्यात पडला.

म्हातारा आला तो खांद्यावर वासरू घेऊन. वासराचे चारही पाय त्यानं छातीपाशी दोन हातांत धरले होते. ओलं अंग, कपाळावर गवत चिकटलेलं. मागून तांबडी हुंकारत, त्याच्या पाठीला नाक लावत येत होती. तिचा जार अजून पडायचा होता. मी अभिमानानं सांगितलं, "बाबाजी, तेवीसच्या तेवीस आहेत." त्यानं कळपाकडे पाहिलं. किती वेळ? एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच. म्हणाला, "बांडी कुठी गेली?" मी म्हटलं, मी तीनदा मोजली आहेत. तो काही बोलला नाही. वासरू खाली ठेवलं, आईला चाटू दिलं. मग काठी माझ्याकडून घेऊन त्यानं कडेच्या एका काळ्या गाईकडे दाखवली. तिच्या शिंगांना निळा रंग अजून थोडा राहिला होता, गळ्यात तुटलेलं दावं होतं. "हे आपली नाही. कोनाची तरी सुटून आली, कळपात घुसली."

आकडा बरोबर होता. एक गाय नव्हती.

तो रागावला नाही. रागावला असता तर कदाचित मी त्या दिवशीच विसरलो असतो. "असू द्या जी," म्हणाला, "अंधार पडला, तुमी जा." मी थांबतो, शोधू या, असं म्हटलं तर म्हणाला, "तुमाले कुठी दिसनार हाये?" त्यात टोमणा नव्हता. तो खरं तेच सांगत होता. बांडी कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. तासभर ती माझ्यासमोर चरली असेल किंवा नसेलही. मी फोनवर बोलत असताना, पाठ फिरवली असताना, कधीतरी ती झुडपात शिरली आणि कधीतरी काळी आली. त्या दोन्ही गोष्टींचा मी साक्षीदार आणि दोन्ही मला दिसल्या नाहीत. घरी येऊन पँट उतरवली तर पायांच्या घोट्यांपर्यंत कुसळं. कुसळीचं गवत कोवळं असतं तोवर ढोरं ते आवडीनं खातात. एकदा कुसळ धरलं की तोंड लावत नाहीत. ती टोकदार काडी कापडात एका दिशेनंच आत सरकत जाते, उलटी ओढावी तर मोडते. रात्री अकरापर्यंत दिव्याखाली बसून मी एकेक कुसळ काढत होतो. बायको म्हणाली, टाकून दे ना ती पँट. पण मला ती काढायचीच होती.

माझ्या मामाचं गाव उमरेडकडचं. लहानपणी मे महिना आणि दिवाळी तिथेच. त्या गावचा गायकी, म्हणजे गावची ढोरं राखणारा, पहाटे नव्हे, जरा ऊन तापायला लागल्यावर गल्लीतून हाळी देत जायचा, "सोडा होऽऽ ढोरंऽऽ", आणि दोन्ही बाजूंच्या कोठ्यांतून दावी सुटायची. गाई आपापल्या चालीनं आखरावर जाऊन उभ्या राहायच्या. आखर म्हणजे गावाच्या कडेची ती मोकळी, शेणानं आणि खुरांनी काळी झालेली जागा. आता कुठल्याच गावात ती जागा कोणी मोकळी ठेवत नाही, एखादा मंदिराचा मंडप किंवा समाजभवन तिच्यावर येतंच. सगळी जमली की गायकी कळप हाकायचा. त्याचा मेहनताना ढोरामागे सालाच्या ठरलेल्या पायल्यांत, ज्वारी किंवा धान. दिवाळीला गायगोधन व्हायचं. आखरावर शेणाचा गोवर्धन मांडून त्यावरून गाई न्यायच्या, आणि गोवारी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ढोरं राखणाऱ्या समाजाची मंडळी, मोरपिसांची उंच ढाल नाचवत, डफ वाजवत घरोघर यायची. मामी सुपात धान्य घेऊन दारात उभी राहायची. त्या दिवशी गायकी अंगात धुतलेला सदरा घालून यायचा आणि मला तो ओळखूच यायचा नाही. माळावर रोज भेटणारा माणूस हाच, हे पटायला वेळ लागायचा.

दहा-अकरा वर्षांचा असताना एका सुट्टीत मी जवळजवळ रोज त्याच्यासोबत गेलो. मामी माझी भाकर, तिखट आणि कांदा वेगळ्या फडक्यात बांधून द्यायची, आणि दुपारी आम्ही दोघं फडकी एकत्र उघडायचो. त्यानं मला जे शिकवलं ते एका जागी बसवून कधी सांगितलं नाही. मी चुकलो की नुसतं "हं" करायचा. गाईच्या बरोब्बर मागे जाऊन हाकलं की ती बिचकायची, गोल फिरायची. मग तो मला हाताला धरून बाजूला उभं करायचा. गाईला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त शेपटीमागची एक फट तिला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला ती भिते. तिच्या खांद्याच्या रेषेत उभं राहायचं. तिथून एक पाऊल मागे सरकलं की ती पुढे चालते, एक पाऊल पुढे गेलं की थांबते किंवा वळते. इतकंच. काठी तर बहुतेक वेळ त्याच्या मानेवर आडवी असायची आणि दोन्ही हात तिच्यावरून खाली सोडलेले. पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं की जनावरं हाताळण्याच्या पुस्तकांत हेच आकृत्या काढून शिकवतात.

दुपारी ढोरं बसायची. मोहाच्या सावलीत, पाण्याच्या जवळ. चरण्यापेक्षा मला हा भाग जास्त आवडायचा. पोटात कोंबलेलं गवत परत तोंडात आणून गाय सावकाश चघळते, गिळते, जरा थांबते, मग गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसतो आणि जबडा पुन्हा आडवा फिरायला लागतो. डोळे अर्धे मिटलेले. दिवसातले सात-आठ तास तिचे यातच जातात. तेव्हा गायकी आडवा व्हायचा, दुपट्टा तोंडावर घ्यायचा. मला वाटायचं झोपला. पण कोणी उठून चालायला लागलं की दुपट्ट्याखालूनच आवाज यायचा, "ए कपिले." पाहिल्याशिवाय त्याला कसं कळायचं, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "तिचा पाय वाजते वेगळा." मी त्यानंतर कित्येक दुपारी डोळे मिटून पाय ऐकत पडलो. मला सगळे सारखेच वाजायचे. माझं तिथलं शिक्षण त्या टप्प्यावर अर्धवट राहिलं. सुट्टी संपली. पुढच्या वर्षी सातवीची स्कॉलरशिप होती.

हिंगण्याचा तो म्हातारा भेटला तेव्हापासून मी या दोघांना डोक्यात वेगळं करू शकत नाही.

आणि मग ती जमीन. आपल्याकडे पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' हा शब्द कागदावर आला तो जुन्या मध्य प्रांताच्या महसुली नोंदींतून. मुरमाड, वरकस, नांगराला दाद न देणारी जमीन, जिच्यावर झुडपं आहेत आणि गावची ढोरं चरतात. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला, सोबत ही दप्तरं आली, आणि १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर प्रश्न उभा राहिला की हे जंगल आहे की नाही. बऱ्याच झुडपी जंगलावर तोवर शाळा, वस्त्या, सरकारी इमारती झालेल्या होत्या. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच आहे, १९९६च्या डिसेंबरापर्यंत झालेल्या वाटपांना मात्र वाट मोकळी ठेवली. सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा तो प्रश्न होता. मला तो निकाल आवडला. झाडी राहील याचा आनंद झाला. पण त्या बातम्या वाचताना मी गायकी शोधत होतो. जंगल होतं, वसाहती होत्या, विकास होता. ज्याच्या पायवाटांनी ती जागा शंभर-दीडशे वर्षं ओळखली गेली तो कुठे दिसला नाही. म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, हे सगळं काय म्हणतात इथे? तो काठीनं दाखवत गेला. तो उंचवटा म्हणजे भुऱ्याची टेकडी, कारण भुऱ्या नावाचा गोऱ्हा तिथे वीज पडून मेला. ती खाचर म्हणजे म्हातारीचं पाणी. तिकडे चोरवाट, आणि जिथे मी गाडी लावली होती ती बसती, म्हणजे दुपारी ढोरं बसायची जागा. तिथे आता दगडावर नंबर आहे. मी प्लॉट पाहायला गेलो होतो तो त्याच्या शेजारचा.

नागपूरचं हे नातं आपण सहज विसरतो. सीताबर्डीचं नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन गवळी भावांवरून पडलं असं सांगतात. त्याच सीताबर्डीत २३ नोव्हेंबर १९९४ला, हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन आलेल्या गोवारींच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरं जास्त. झिरो माइलजवळ स्मारक आहे, उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. यादीत 'गोंड गोवारी' असे दोन शब्द आहेत, आणि ते एकाच जमातीचं नाव की कसं यावर माणसांची आयुष्यं खर्ची पडली. २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

त्या संध्याकाळी मी नागपुरातच होतो. पण मला आठवते ती मामाकडून नंतर ऐकलेली गोष्ट. मोर्चाला गावातून गायकी आणि त्याच्या घरची गेली होती. ती सगळी जिवंत परत आली, पण दोन दिवसांनी. ते दोन दिवस गावची ढोरं कोठ्यातच राहिली. सकाळच्या वेळेला हाळी आली नाही तरी गाई उठून उभ्या राहिल्या, दाव्याला ओढ देत, दाराकडे तोंड करून. मामी म्हणायची, साऱ्या गल्लीत हंबरणं चाललं होतं आणि कोणालाच काय करावं ते सुचेना. तेव्हा रेडिओवर आकडा वाढत होता. मी आजही बर्डीच्या पुलावरून जातो तेव्हा ११४ हा आकडा मला पाठ असतो. त्यातलं एकही नाव मला सांगता येत नाही. आणि त्या ११४ जणांतल्या कितीतरी जणांना आपापल्या गावच्या शंभर गाई पायांच्या आवाजावरून ओळखता येत असतील.

हे मी गायकीचं गुणगान म्हणून लिहीत नाही. मामाच्या गावातला गायकी वर्षाच्या शेवटी धान्य कमी पडून उसनं मागायला यायचा, आणि मामा देताना ओट्यावरून देत असे, तो खाली उभा असे. पोर हरवलं तर जेवढी शोधाशोध व्हावी तेवढी त्यानं गाय हरवली तर केली, आणि एकदा गाय कुणाच्या तुरीत शिरली तेव्हा कोंडवाड्याचा दंड त्यालाच भरावा लागला. त्याची दोन्ही मुलं बुटीबोरीत कंपनीत लागली, याचा त्याला आनंदच होता. हिंगण्याच्या म्हाताऱ्यानंही तेच सांगितलं. पोरगा चारचाकी चालवतो, नातू इंग्लिश शाळेत. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले. २०२२मध्ये जनावरांचा लंपी रोग आला तेव्हा चराई बंद, बाजार बंद. चाळीस ढोरांचं खिल्लार होतं, त्यातली पाच त्या वर्षी गेली आणि काही लोकांनी विकून टाकली. उरलेली ही. "माझ्यानंतर कोनी येनार नाही जी," असं तो म्हणाला ते हवेत पाऊस नाही असं सांगावं तशा आवाजात. मला त्यावर काय म्हणावं ते कळलं नाही. त्याच्या नातवानं काठी धरावी असं मला वाटत नाही. पण बांडी कुठी गेली हे एका श्वासात विचारणारा डोळा त्याच्याबरोबर जाणार, हे मला सहन होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्या मला आतल्या आत ओढतात.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. मेहुण्याला सांगितलं नाही. दोन वाजले होते, कळप म्हातारीच्या पाण्याच्या वर होता. मी लांबूनच थांबलो आणि या वेळी मोजलं नाही. एकेकीकडे पाहत राहिलो, तोंड, शिंगं, चाल. बऱ्याच वेळानं येरोनीच्या जाळ्याआडून एक पांढुरकी गाय वळली, आणि तिची शेपूट अर्धीच होती. मला एकदम ओरडावंसं वाटलं. म्हातारा बांधावर बसला होता. म्हणाला, "आली होती जी. त्याच राती. मी घरी पोचाच्या आंधी कोठ्यात उभी." काळी गाय दुसऱ्या दिवशी तिचा मालक घेऊन गेला होता.

मी त्याच्या शेजारी बसलो. त्यानं डबकीतलं पाणी दिलं. काही वेळ दोघंही बोललो नाही, गवत तुटत राहिलं. मग त्यानं कळपाकडे न पाहता विचारलं, "सांगा बरं, आज कोन नाही?"

मी पाहिलं. फार वेळ लागला. ऊन डोळ्यांवर येत होतं, तळहात आडवा धरून पाहत राहिलो.

"तांबडी," मी म्हणालो.

"ते घरी हाये, वासराजवळ. आनखी?"

मी पुन्हा कळपाकडे तोंड केलं. एक बगळा उडून दुसऱ्या गाईच्या पायाशी उतरला. म्हातारा थांबला होता, घाई नव्हती त्याला.